कॅलिफोर्नियाचे मिशनरी हुनीपेरो सेरा

ज्या पाद्रींचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों, ते आपल्या पंथाचे नव्हते. ते रोमन काथलिक मंडळीचे, फ्रान्सिस्कन मठांतील व्रतस्थ पाद्री होते; आणि स्पेनच्या राजाच्या आश्रयानें त्यांनीं आपलें काम केलें. तरी त्यांचें चरित्र आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांनीं, व विशेषेंकरून आपल्या उपदेशकांनीं, वाचण्याजोगें आहे असें आम्हांस वाटतें. ह्याला कारणें दोन. प्रभूच्या कार्यासाठीं देह झिजविणें म्हणजे काय, हें त्यांत दिसतें. आणि प्रेमानें आरंभलेलें काम राजसत्तेचा हात धरून चालूं लागलें म्हणजे त्याची काय गति होते, हेंही त्यांत दिसतें. ह्या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या ठायीं होत्या. म्हणून त्यांतील एक सांगून दुसरी झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

भूमध्य समुद्रांत स्पेनच्या पूर्वेस मायोर्का नांवाचें बेट आहे. त्या बेटावरील पेत्रा नामक गांवीं २४ नोव्हेंबर १७१३ रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं हा मुलगा जन्मला. बापाचें नांव अंतोनियो सेरा व आईचें मार्गारिता फेरेर. मुलाचें नांव मिगेल होसे असें ठेवण्यांत आलें. आईबापांस लिहितां वाचतां येत नव्हतें. शेतांत राबावें व देवाचें भय धरावें इतकेंच त्यांस ठाऊक. गांवांत फ्रान्सिस्कन पंथाचा मठ होता, त्याच्या शाळेंत मिगेल शिकला. शरीरानें तो किरकोळ, पण बुद्धीनें तल्लख निघाला. सोळाव्या वर्षीं, म्हणजे १७३० सालीं, पाल्मा शहरच्या मठांत त्याचा प्रवेश झाला. त्या वेळीं तो इतका ठेंगणा होता कीं, भजनाच्या प्रसंगीं उंच घडवंचीवर ठेवलेला ग्रंथ उघडावयास त्याचा हात पोहोंचत नसे. पुढल्या वर्षीं त्यानें व्रत घेतलें आणि हुनीपेरो हें नवें नांव धारण केलें. हुनीपेरो हा संत फ्रान्सिसचा एक साधाभोळा सोबती होता. लोक हंसले तरी मनावर घ्यावयाचें नाहीं व अंगावरचें वस्त्र भिकाऱ्यास देऊन मोकळें व्हावयाचें, अशी त्याची ख्याति.

शेतकऱ्याचा हा पोरगा पुढें मोठा पंडित झाला. १७४२ सालीं त्यास ईश्वरज्ञानशास्त्रांतील डॉक्टर ही पदवी मिळाली, व पाल्मा येथील विद्यापीठांत ते अध्यापक झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांत फ्रान्सिस्को पालू आणि हुआन क्रेस्पी असे दोन तरुण होते. त्यांचीं नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावींत, कारण ते दोघेही गुरूबरोबर जगाच्या दुसऱ्या टोंकापर्यंत गेले. मान, पद, पोटापुरतें उत्पन्न, सगळें सेरा ह्यांस मिळालें होतें. परंतु वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, १७४९ सालीं, त्यांनीं तें सोडलें आणि अमेरिका खंडांतील तद्देशीय लोकांस शुभवर्तमान सांगावयास ते निघाले.

निघण्यापूर्वीं आईबापांची गांठ घेऊनही हा बेत त्यांच्या कानीं घालण्याचा धीर त्यांस झाला नाहीं. दोघें म्हातारीं झालेलीं. मुलगा कायमचा जाणार हें ऐकून त्यांच्या काळजाचें पाणी झालें असतें. मग काडीस बंदरांत जहाजाची वाट पाहात असतांना त्यांनीं पेत्रा येथील आपल्याच नात्यांतील एका पाद्रीस पत्र लिहिलें, आणि तें आईबापांस वाचून दाखवावें व त्यांचें सांत्वन करावें अशी विनंति केली. पुनः त्यांची व आईबापांची भेट ह्या जगीं झाली नाहीं. आपल्या मंडळ्यांतही कित्येक वडील माणसांनीं ह्या मार्गांत आप्तांचा वियोग सोसला आहे. त्यांस हें पत्र लिहितांना त्या पाद्रींच्या मनाची स्थिति काय असेल, हें निराळें सांगावयास नको.

डिसेंबर १७४९ मध्यें जहाज मेक्सिको देशाच्या व्हेराक्रूझ बंदरीं लागलें. राजधानी तेथून अडीचशें मैलांवर. पाद्रींसाठीं घोडीं तयार होतीं. परंतु आपल्या पंथाच्या मूळ नियमाप्रमाणें सेरा पायींच निघाले. वाटेंत कसलासा किडा चावून त्यांचा पाय सुजला. त्यांनीं तो रात्रीं खाजविला व जखम झाली. ती जखम पुढें पस्तीस वर्षें, मरेपर्यंत, पुरती बरी झाली नाहीं. ह्याच पायानें त्यांनीं हजारों मैल तुडविले. १ जानेवारी १७५० रोजीं ते मेक्सिको शहरांतील सान फर्नांदो नामक मिशनरी मठांत पोहोंचले.

त्याच वर्षीं त्यांस सिएरा गोर्दा नांवाच्या डोंगराळ मुलुखांत पाठविण्यांत आलें. तेथें पामे जातीचे लोक राहात. सेरा ह्यांनीं प्रथम त्यांची भाषा शिकण्यास आरंभ केला आणि प्रश्नोत्तरावलि व प्रार्थना त्या भाषेंत शिकवूं लागले. नंतर बैल, गाई, बीबियाणें व अवजारें मिळविलीं. पीक आलें म्हणजे त्याची नीट सांठवण व विक्री करावयास लोकांस शिकविलें. हाल्पान गांवीं त्यांनीं दगडी मंदिर उभारलें. बांधकामाचे वासे वाहतांना हे ठेंगणे पंडित पामे मजुरांच्या ओळींत खांदा लावून चालत. आणि इतरांची उंची अधिक पडे म्हणून आपल्या खांद्यावर झग्याची घडी ठेवून वासा टेंकवीत. तें मंदिर आज उभें आहे. आसपासच्या दुसऱ्या चार मंदिरांसह २००३ सालीं त्याची गणना जगाच्या सांस्कृतिक वारशांत झाली.

परंतु ह्याच मुलुखांत त्यांच्या स्वभावाचा दुसरा भागही प्रगट झाला. १७५२ सालीं त्यांनीं मेक्सिकोच्या इन्क्विझिशन न्यायासनाकडे जादूटोणा करणाऱ्यांविरुद्ध तक्रार नेली व त्या न्यायासनाचे अधिकारी म्हणून स्वतःची नेमणूक करून घेतली. पापाविषयीं त्यांचा क्रोध मोठा असे, आणि तो प्रथम ते स्वतःवरच काढीत. उपदेश करतांना ते व्यासपीठावर दगडानें छाती बडवीत, सांखळीनें पाठीवर फटके मारून घेत, कधीं पेटत्या मेणबत्तीनें उघडी छाती भाजून घेत. ऐकणारे रडूं लागत. प्रभूनें आमचे घाव एकदांच सोसले असतां आम्हीं स्वतःस पुनः घाव कां करावे, असा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनांत सहज येईल. आम्ही त्याची चर्चा येथें करीत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, जो आपल्या देहावर चाबूक उगारणें पुण्याचें समजतो, त्यास दुसऱ्याच्या देहावर तो उगारतांना फारसें वावगें वाटत नाहीं. हें पुढें दिसून येईल.

१७६७ सालीं स्पेनचा राजा तिसरा कार्लोस ह्यानें आपल्या सर्व राज्यांतून जेसुइट पाद्रींस हांकून दिलें. त्यांचीं खालच्या कॅलिफोर्नियांतील मिशन ठाणीं फ्रान्सिस्कनांच्या हवालीं झालीं व सेरा ह्यांस त्यांचे अध्यक्ष नेमण्यांत आलें. तेथें त्यांस ठाणीं मिळालीं, पण माणसें थोडींच. मागल्या सत्तर वर्षांत परदेशी रोगांनीं तो मुलूख बहुतेक ओस पाडला होता. इतक्यांत रशियन लोक उत्तरेकडून किनाऱ्यानें खालीं सरकत आहेत, अशी वार्ता राजाच्या कानीं गेली. तेव्हां होसे दे गाल्वेझ नामक बड्या अंमलदारानें ठरविलें कीं, वरचा कॅलिफोर्निया आपण आधीं व्यापावा. आज जें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया संस्थान आहे, त्याचा किनारा तो हाच. राजास सरहद्द पाहिजे होती, सेरा ह्यांस आत्मे पाहिजे होते. दोघे एका वाटेनें निघाले. वाचकहो, ह्या चरित्रांतील पुढील सर्व बरेंवाईट ह्या एका गोष्टींतून उगवलें आहे.

१७६९ सालीं दोन गलबतें समुद्रानें व दोन टोळ्या जमिनीनें निघाल्या. सेरा गास्पार दे पोर्तोला ह्या कप्तानाच्या टोळींत होते. त्यांचें वय पंचावन्न; पाय इतका सुजला कीं उभें राहावेना. कप्तानानें परत जाण्यास सुचविलें. त्यांनीं ऐकलें नाहीं. मग त्यांनीं एका खेचरवाल्यास बोलावून आपल्या पायास औषध लावावयास सांगितलें. तो म्हणाला कीं, आपणांस जनावरांचेंच औषध ठाऊक. तर आपणांस जनावरच समज, असें सेरा ह्यांनीं त्यास सांगितलें. त्यानें चरबींत रानपाला कुटून शिजविला व त्याचा लेप बांधला. दुसरे दिवशीं पाद्री चालूं लागले. १ जुलै रोजीं ते सान दिएगो बंदरीं पोहोंचले. तेथें पाहातात तों खलाशी रक्तपितीनें अंथरुणास खिळलेले, कित्येक मेलेले. १६ जुलै १७६९ रोजीं एका झोंपडीपुढें क्रूस उभा करून वरच्या कॅलिफोर्नियांतील पहिलें मिशन ठाणें त्यांनीं स्थापिलें.

तेथील तद्देशीय लोक कुमेयाय जातीचे. स्पॅनिश लोक त्यांस इंडियन म्हणत, परंतु आपल्या हिंदुस्थानाशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. त्यांनीं ह्या पाहुण्यांस बोलाविलें नव्हतें. महिन्याच्या आंतच त्यांनीं तळावर हल्ला केला, आणि सेरा ह्यांचा होसे मारिया नांवाचा तरुण सेवक गळ्यांत बाण लागून त्यांच्या पायांशीं मेला. पुढें कित्येक महिने एकही मनुष्य बाप्तिस्मा घेईना. एकदां एक मूल आणण्यांत आलें. सेरा ह्यांनीं तें हातीं घेतलें, पाणी ओंजळींत घेतलें, तों लोकांनीं मूल हिसकावून पळ काढला. सेरा तसेच ओली ओंजळ घेऊन उभे राहिले. ह्या प्रसंगाची आठवण निघाली म्हणजे पुढें अनेक वर्षांनींही त्यांच्या डोळ्यांस पाणी येत असे. स्वतःच्याच पापामुळें तें मूल हातचें गेलें, असें ते समजत.

अन्न संपत आलें. १७७० च्या मार्च महिन्यांत पोर्तोलानें ठरविलें कीं, संत योसेफाच्या सणापर्यंत मदतीचें गलबत न आल्यास सर्वांनीं परतावें. सेरा ह्यांनीं नऊ दिवसांची प्रार्थना आरंभिली, आणि कोणी राहो वा न राहो आपण व क्रेस्पी राहणार असें ठरविलें. १९ मार्चच्या सायंकाळीं क्षितिजावर शीड दिसलें. त्या एका शिडामुळें कॅलिफोर्नियाचा इतिहास फिरला. ३ जून १७७० रोजीं मोंतेरे उपसागराच्या कांठीं दुसरें ठाणें स्थापन झालें.

सेरा ह्यांचा उत्साह कसा होता हें १७७१ सालच्या एका गोष्टीवरून कळेल. सान अंतोनियो ठाण्यासाठीं निवडलेल्या रानांत त्यांनीं ओक झाडाच्या फांदीस घंटा बांधली व ती जोरजोरानें वाजवूं लागले. येशूकडे या, अशी मोठ्यानें हांक मारूं लागले. सोबतच्या पाद्रीनें विचारलें कीं, येथें ऐकावयास एकही माणूस नाहीं, मग हा खटाटोप कशास? ते म्हणाले कीं, ही घंटा सर्व जगास ऐकूं जावी असें आपणांस वाटतें. निदान ह्या डोंगरांतल्यांस तरी जावो. मिस्सा चालला असतां पाहातात तों एक तद्देशीय मनुष्य झाडाआडून बघत होता.

आतां हें मिशन ठाणें म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे उपदेशक गांवोगांव फिरतो. ऐकणारा आपल्या घरीं, आपल्या शेतावर राहून ऐकतो. तेथें तसें नव्हतें. ज्यानें बाप्तिस्मा घेतला त्यानें आपलें गांव सोडून ठाण्यांत राहावयास यावें, असा नियम होता. पहांटे घंटा होई. प्रार्थना, मग मक्याची पेज. मग शेतांत, गुरांमागें, विटांच्या भट्टीवर, मागावर काम. दुपारीं धान्य व भाजी घालून शिजविलेली आमटी. सायंकाळीं पुनः प्रार्थना. नवशिक्ये गहूं पेरावयास, लोंकर विणावयास, सुतारी व लोहारकी करावयास शिकले. सुंदर वाद्यें वाजवूं व गाऊं लागले. परंतु लग्न न झालेल्या मुलींस रात्रीं एका खोलींत घालून बाहेरून कुलूप लावीत. परवानगीवांचून कोणास ठाणें सोडतां येत नसे. पळून गेलेल्यास शिपायांकडून धरून आणीत, आणि फटके मारीत किंवा पायांत बेडी घालीत. कायद्याप्रमाणें ही व्यवस्था तात्पुरती होती. सुमारें दहा वर्षांत लोक शहाणे होतील, ठाण्याच्या जमिनी त्यांच्या नांवें होतील व पाद्री पुढें जातील, असें ठरलें होतें. तीं दहा वर्षें कधीं संपलीं नाहींत.

मग लोक आंत येत कां? कित्येक उपदेशानें आले, कित्येक कुतूहलानें, कित्येक आपलें मूल आजारी पडलें म्हणून. परंतु पुष्कळांस भुकेनें आणलें. हे लोक ओकाचीं फळें, गवताचें बीं, मासे व शिकार ह्यांवर राहात. स्पॅनिश लोकांचीं गुरें माजलीं व त्यांनीं तेंच गवत खाऊन टाकलें. नवे रोग गांवांत शिरले. म्हातारीं व मुलें मरूं लागलीं. ज्याचें रान गेलें त्यास ठाण्यांतील पेजेची कढई दिसे.

ह्यांत शिपायांच्या दुष्टपणाची भर पडली. सान गाब्रिएल ठाण्याजवळ शिपाई घोड्यावर बसून स्त्रियांस दोरीच्या फांसानें धरीत व त्यांची विटंबना करीत. एका नायकानें आपल्या बायकोच्या अब्रूसाठीं हल्ला केला तेव्हां त्यास गोळी घातली व त्याचें शिर खांबावर लाविलें. हें ऐकून सेरा ह्यांचें अंतःकरण फाटलें. मोंतेरेच्या छावणीपासून नवशिक्यांस दूर ठेवावें, शिवाय पाण्याजवळची चांगली जमीन मिळावी, म्हणून त्यांनीं आपलें ठाणें १७७१ सालीं कार्मेल नदीकांठीं हलविलें. सेनापति पेद्रो फाहेस ह्याच्याशीं त्यांचें वारंवार वाजे. शेवटीं १७७२ च्या पावसाळ्यानंतर ते थेट मेक्सिकोच्या व्हाइसरॉयकडे दाद मागावयास निघाले.

बरोबर हुआन एव्हांजेलिस्ता नांवाचा कार्मेल येथील एक बाप्तिस्मा पावलेला मुलगा होता. वाटेंत ग्वादालाहारा शहरीं दोघांसही कडक ताप आला. सेरा मरणाच्या दारीं होते. तरी त्यांची चिंता त्या मुलाची. हा मेला तर ह्याच्या आईबापांस आपण काय तोंड दाखवावें, हें त्यांच्या मनास लागलें होतें. देवदयेनें दोघेही उठले. मार्च १७७३ मध्यें त्यांनीं व्हाइसरॉय बुकारेली ह्यांस बत्तीस कलमांचा अर्ज दिला. दुर्वर्तनी शिपायांस काढून टाकावें, लग्न झालेले शिपाई नेमावे, फाहेसला परत बोलवावें, धान्याचा पुरवठा वेळेवर व्हावा, अशीं तीं कलमें होतीं. बहुतेक मान्य झालीं. फाहेसची बदली झाली. परंतु त्यांत एक कलम असें होतें कीं, बाप्तिस्मा घेतलेल्यांचा कारभार, शिक्षण व शिक्षा सर्वस्वीं पाद्रींच्या हातीं असावी, जसा बापाचा अधिकार मुलांवर. तेंही मान्य झालें. शिपायाचा चाबूक पाद्रींनीं हिसकावून घेतला. पण तो मोडून टाकला नाहीं, आपल्याच हातीं ठेवला.

४ नोव्हेंबर १७७५ च्या मध्यरात्रीनंतर सान दिएगोच्या आसपासच्या गांवांतील शेंकडों कुमेयाय एकत्र जमले व त्यांनीं ठाणें जाळून टाकलें. तेथील पाद्री लुइस हाइमे ह्यांस ठार केलें. एक लोहार व एक सुतारही मेले. ह्याच हाइमे पाद्रींनीं तीन वर्षांपूर्वीं शिपायांच्या बलात्कारांची तक्रार वरिष्ठांस लिहून कळविली होती. शिपायांनीं केलेल्या पापाची भरपाई एका निरपराध माणसानें केली. बंडांत बाप्तिस्मा घेतलेलेही सामील होते.

ही बातमी कार्मेलला पोहोंचली तेव्हां सेरा ह्यांनीं जें केलें तें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत थोर कृत्य होय. त्यांनीं व्हाइसरॉयास लिहिलें कीं, मारणाऱ्यांस मारूं नये. त्यांस जगूं द्यावें म्हणजे त्यांचें तारण होईल. त्यासाठींच तर आपण येथें आलों आहों. आपणांस कोणी मारलें तरी त्यासही क्षमा करावी, असेंही त्यांचें मागणें होतें. बंडाचा एक पुढारी कार्लोस मंदिरांत आश्रयास आला असतां कप्तान रिवेरा ह्यानें त्यास आंतून ओढून नेलें. तेव्हां तेथील पाद्रींनीं त्या कप्तानास मंडळीबाहेर टाकलें व सेरा ह्यांनीं त्यांस पाठिंबा दिला. व्हाइसरॉयनें दयेचा हुकूम दिला आणि अखेर कैदी सुटले. सान दिएगो पुनः बांधण्यांत आलें.

पण त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत ह्याच सेरा ह्यांनीं काय केलें होतें, हेंही सांगितलें पाहिजे. कार्मेलहून कांहीं नवशिक्ये पळून गेले होते. त्यांस धरून आणल्यावर सेरा ह्यांनीं त्यांपैकीं चौघांस रिवेराकडे पाठविलें, त्यांस फटके मारून कैदेंत ठेवावें असें लिहिलें, आणि बेड्या नसल्यास आपण पाठवितों असेंही कळविलें. एकाच हातानें हीं दोन्ही पत्रें लिहिलीं. खून करणाऱ्यास क्षमा, आणि घरीं पळून जाणाऱ्यास बेडी! सेरा ह्यांस त्यांत विसंगति दिसली नाहीं. त्यांच्या समजुतीनें दोन्हीं ठिकाणीं ते बापच होते: बाप मुलाचा जीव घेऊं देत नाहीं, आणि बाप मुलास घर सोडूंही देत नाहीं.

१७७९ च्या सुमारास गव्हर्नर फेलिपे दे नेवे ह्यानें हुकूम काढला कीं, ठाण्यांतील लोकांनीं आपल्यांतून पाटील व पंच निवडावेत. सेरा ह्यांस हें रुचलें नाहीं. असे पंच पाद्रींचा मान ठेवणार नाहींत, अशी त्यांस भीति वाटली. १७८० सालीं नेवेस लिहितांना त्यांनीं फटक्यांच्या शिक्षेचें समर्थन केलें व बाप मुलांस मारतोच असा दाखला दिला. परंतु आम्हांस विचारावेंसें वाटतें, बापाचीं मुलें मोठीं होतात कीं नाहीं? ज्या घरांत मुलगा चाळीस वर्षांचा झाला तरी त्यास पोर म्हणून छडी बसते, तेथें बाप थोर असला तरी घर मोडलेलेंच होय.

सेरा ह्यांनीं आपल्या हयातींत नऊ ठाणीं स्थापिलीं. सान दिएगो, सान कार्लोस म्हणजे कार्मेल, सान अंतोनियो, सान गाब्रिएल, सान लुइस ओबिस्पो, सान फ्रान्सिस्को, सान हुआन कापिस्त्रानो, सांता क्लारा, आणि १७८२ सालीं सान बुएनाव्हेंतुरा. १७७८ पासून त्यांस दृढीकरणाचा अधिकार मिळाला. तेव्हां सत्तरीकडे झुकलेले हे म्हातारे लंगडत लंगडत सर्व किनारा पालथा घालून आले आणि पांच हजारांहून अधिक लोकांवर त्यांनीं हात ठेवले.

१७८४ च्या ऑगस्टांत छातीच्या विकारानें ते खचले. त्यांनीं आपला जुना विद्यार्थी पालू ह्यास बोलावून घेतलें. २७ ऑगस्ट रोजीं शेवटचा प्रभुभोज खोलींत आणूं देण्यास ते कबूल होईनात. प्रभूनें आपणांकडे कां यावें, आपणच जावें, म्हणून ते शंभर पावलें चालत मंदिरांत गेले. २८ ऑगस्टच्या दुपारीं फळ्यांच्या बिछान्यावर, छातीशीं क्रूस धरून, ते शांतपणें मेले. वय सत्तर वर्षें नऊ महिने. घंटा वाजतांच तद्देशीय स्त्रीपुरुष रानफुलें घेऊन धांवले. ते रडत होते, आणि त्यांच्या झग्याचा तुकडा आठवणीसाठीं मागत होते. हें रडणें खोटें नव्हतें. ह्याच लोकांपैकीं कित्येकांच्या पाठीवर ठाण्याच्या चाबकाचे वळही खोटे नव्हते. क्रेस्पी दोन वर्षांपूर्वींच वारले होते. त्यांच्या शेजारीं सेरा ह्यांस मूठमाती देण्यांत आली. पालू ह्यांनीं लिहिलेलें त्यांचें चरित्र १७८७ सालीं मेक्सिकोंत छापलें गेलें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. त्यांच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षीं सान गाब्रिएल येथें तोयपुरीना नांवाच्या तरुण स्त्रीनें व निकोलास होसे नामक नवशिक्यानें बंडाचा कट केला, तो फसला. ठाण्यांची संख्या वाढत १८२३ पर्यंत एकवीस झाली. गुरांचे कळप, द्राक्षमळे, गव्हाचीं शेतें ह्यांनीं किनारा फुलला. परंतु कोंदट खोल्यांत गोवर, उपदंश व क्षय ह्यांनीं माणसें मरत राहिलीं. जन्मलेल्या मुलांपैकीं फार थोडीं मोठीं होत. १७६९ पासून पासष्ट वर्षांत सुमारें ८०,००० लोकांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच मुदतींत ठाण्यांच्या वह्यांत सुमारें ६०,००० मृत्यूंची नोंद झाली. १८३३ सालीं स्वतंत्र मेक्सिकोच्या सरकारनें ठाणीं पाद्रींच्या हातून काढून घेतलीं. जमिनीचा मोठा वांटा तद्देशीयांस मिळावयाचा होता. तो बहुतेक बड्या जमीनदारांनीं गिळला. ज्यांस साठ वर्षें आपला कारभार करूं दिला नव्हता, ते एका दिवसांत कारभारी कसे होणार? ते मजूर होऊन विखुरले.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार टोंचते. ह्या पासष्ट वर्षांत त्या भूमीच्या लेकरांपैकीं एकही पाद्री झाला नाहीं. सान लुइस रे ठाण्यांतील पाब्लो ताक नांवाचा एक हुशार मुलगा रोमला शिकावयास गेला. आपल्या लोकांच्या चालीरीतींविषयीं त्यानें लिहिलें, आपल्या भाषेचें व्याकरण रचूं लागला. परंतु दीक्षा होण्यापूर्वींच १८४१ सालीं तेथेंच वारला.

रोमन काथलिक मंडळीनें सेरा ह्यांस २३ सप्टेंबर २०१५ रोजीं संतपद दिलें. त्या वेळीं अनेक तद्देशीयांनीं दुःखानें निषेध केला, तर कांहीं तद्देशीय काथलिकांनीं आनंदही मानला. २०२० सालीं सान फ्रान्सिस्को व लॉस एंजेलिस येथील त्यांचे पुतळे लोकांनीं दोर लावून पाडले. एका बाजूस वेदी, दुसऱ्या बाजूस दोर. ह्या दोहोंमध्यें खरा मनुष्य कोठें आहे, हें पाहण्याचा आम्हीं यथाशक्ति यत्न केला आहे.

उपदेशक बंधूंनो, ह्या चरित्रांतून आपण काय घ्यावें? पायाची जखम घेऊन चालणें घ्यावें. रिकाम्या रानांत घंटा वाजविण्याची श्रद्धा घ्यावी. ज्यांनीं आपला सोबती मारला त्यांच्यासाठीं दया मागणें घ्यावें. हें तर आपल्यांत फार दुर्मिळ आहे. परंतु दाराचें कुलूप घेऊं नये. जो प्रभूकडे आला तो जाण्यास मोकळा आहे म्हणूनच त्याच्या येण्यास किंमत आहे. उधळ्या पुत्राच्या बापानें घराची वांटणी करून दिली, त्याच्यामागें शिपाई धाडले नाहींत; तो वाटेकडे डोळे लावून बसला. मंडळींतील एखादें कुटुंब रुसून गेलें, एखादा तरुण आपलें ऐकेनासा झाला, तर त्यास धान्याचें, नोकरीचें किंवा शाळेचें भय घालून अडवूं नये. आणि आपण ज्यांस शिकवितों ते उद्यां आपल्याएवढे, आपल्याहून मोठे व्हावेत, पंचायतींत बसावेत, व्यासपीठावर उभे राहावेत, हीच आपल्या कामाची कसोटी समजावी.

सेरा ह्यांनीं जें मूल हातीं घेतलें व जें हिसकावून नेलें गेलें, त्यासाठीं ते जन्मभर रडले. आम्हांस वाटतें, त्या मुलाच्या आईबापांनीं तें कां नेलें, हें त्यांनीं एकदां विचारलें असतें, तर कॅलिफोर्नियाची गोष्ट निराळी झाली असती.